न वापरलेली चाळीस मिनिटं

"हा पॉवरलूम हाय," असं म्हणून तुळशीरामजींनी कानातले इअरबड काढले आणि माझ्या टॅब्लेटवर ठेवले.

"नाही हो काका, तुमचाच माग आहे. इथेच तर रेकॉर्ड केला, याच खोलीत."

"आवाज माहाच हाय. पन मी चालवून नाई राहिलो. करंटवर चालून राहिला हा."

त्यांच्या पत्नी, यशोदाबाई, दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "अन मी कुठं हाओ त्याच्यात?"

खरं उत्तर असं होतं की यशोदाबाईंना मी नॉइज म्हणून काढून टाकलं होतं.

माझं काम आधी सांगते. मी पंधरा वर्षं नागपुरात एका रेडिओ स्टेशनवर साउंड प्रोड्यूसर होते. प्रोमो, जिंगल, बातम्यांच्या आधीचं टँव् टँव्, हे सगळं मी बनवायचे. मग स्टेशनचं प्रॉडक्शन मुंबईला गेलं आणि मी घरी आले. आता जेवणाच्या टेबलावर टॅब्लेट ठेवून तेच काम करते. लोकांना वाटतं मी गेम खेळते. माझ्या सासूबाईंना अजूनही वाटतं.

मी सॅम्पलवर काम करते. सॅम्पल म्हणजे खऱ्या आवाजाचा कापून घेतलेला तुकडा. कुकरची शिट्टी, शटर ओढल्याचा आवाज, कुणाचा खोकला, काहीही चालतं. टॅब्लेटच्या स्क्रीनवर सोळा चौकोन असतात, त्यांना पॅड म्हणतात. एकेका पॅडमध्ये एकेक तुकडा ठेवायचा आणि बोटांनी वाजवायचा. कुकर, शटर आणि खोकला यांचं मी एकदा मसाल्याच्या जाहिरातीसाठी गाणं केलं होतं. क्लायंटला आवडलं, फक्त खोकला काढायला लावला.

तर झालं असं. रामदासपेठेत रेणू मॅडम हातमागाच्या साड्यांचं मोठं दुकान उघडत होत्या. दुकानाच्या काचेत त्यांना एक खरा जुना माग उभा करायचा होता. वर दिवे, मागे पांढरी भिंत आणि मागाच्या आवाजावर बनवलेलं म्युझिक. "ऑथेंटिक चाहिए, पण थोडं ट्रेंडी," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. तीन मिनिटांचा लूप हवा होता. लूप म्हणजे संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू होणारा तुकडा.

माग मिळाला गोळीबार चौकामागच्या गल्लीत, तुळशीरामजींकडे. त्या गल्लीत एकेकाळी घरोघरी माग होते. आता हा एकच होता आणि तुळशीरामजींचे गुडघे थकले होते. मुलगी लग्न होऊन उमरेडला होती, तिलाही माग नको होता. ते माग द्यायला तयार झाले, पण एका अटीवर.

"माग न्या. ठेवा तुमच्या काचेत. पन आवाज मी चालवतो तसाच आला पायजे. नाई त वापस आना."

रेणू मॅडम लगेच हो म्हणाल्या. आवाजाचं काय, तो तर मी बघणार होते.

माग हलवण्याआधी मी जाऊन रेकॉर्डिंग केलं. मे महिना होता. कूलर बंद केल्याशिवाय नागपुरात काही रेकॉर्ड होत नाही, आणि कूलर बंद केला की माणूस उरत नाही. तरी चाळीस मिनिटं बसले. खड्ड्याचा माग होता तो. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसतो. खाली दोन पावड्या असतात. एक पायाने दाबली की ताण्याचे उभे धागे वरखाली होतात आणि मधे वाट होते. मग दोरी ओढायची, की धोटा खट् करून त्या वाटेतून पलीकडे जातो. मग फणी ओढून धागा ठोकून बसवायचा, धप्. मग दुसरी पावडी. धोट्याच्या पोटात धागा गुंडाळलेली कांडी असते. कांडी संपली की तुळशीरामजी थांबायचे आणि न बघता डावा हात बाजूला करायचे. यशोदाबाई चरख्यावर कांड्या भरत बसलेल्या असायच्या. त्या कांडी हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घ्या." लग्न झाल्यापासून त्या हेच करत आल्या होत्या.

घरी आल्यावर मी त्या चाळीस मिनिटांतून तीन आवाज निवडले. पावडीचा एक, धोट्याचा एक, फणीचा एक. तिन्ही मिळून दीड सेकंद. तेवढे पॅडवर ठेवले आणि त्यांचा ताल केला. मग ग्रिडवर बसवला. ग्रिड म्हणजे गणिताच्या वहीतले चौकोन समजा. ॲपमध्ये क्वांटाइझ नावाचं बटण असतं, ते दाबलं की प्रत्येक आवाज जवळच्या रेघेवर जाऊन उभा राहतो, ड्रिल मास्तरसमोर पोरं राहतात तसा. रेडिओवर पंधरा वर्षं मी ते बटण दाबत आले. ते दाबताना मी विचारसुद्धा करत नाही. वर थोडा बेस टाकला. "घ्या" आणि त्याआधीची शांतता तर पहिल्याच दिवशी कापली होती, कारण लूपमध्ये शांतता म्हणजे बिघाड.

शेवटी एक्स्पोर्ट करायला गेले तर टॅब्लेट म्हणाला, जागा नाही. ॲपनेच उपाय विचारला. या प्रोजेक्टमध्ये न वापरलेला ऑडिओ हटवायचा का?

मी हो म्हटलं.

ज्युनियर मुलांना बॅकअपवर भाषण देणारी बाई मी. प्रत्येक रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवा, असं मी सांगायचे. दरवर्षी सांगायचे. माझं रेकॉर्डिंग एका ठिकाणी होतं आणि तिथूनही गेलं. तेव्हा मात्र मला त्याचं काही वाटलं नाही. दीड सेकंद हातात होता आणि काम भागलं होतं.

आता पुन्हा सुरुवातीच्या प्रसंगाकडे येते, तो बुधवार होता. दुकानाचं उद्घाटन रविवारी होतं आणि माग आधीच तिथे पोचला होता. तुळशीरामजींनी "पॉवरलूम" म्हटल्यावर मी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला.

"त्यांना आवडलं नाही," मी म्हटलं.

"अरे यार. काय आवडलं नाही?"

"ते म्हणतात माग परत आणा."

"परत कसा आणणार? पॉलिश झालाय. पावड्या तर कारपेंटरने कापल्या, प्लॅटफॉर्मवर बसत नव्हत्या."

"म्हणजे तो आता चालणार नाही?"

"तो डिस्प्ले आहे. डिस्प्ले कशाला चालायला पाहिजे? तुम्ही साउंड नीट करा ना, प्लीज. त्यांचा हट्ट पुरा करा."

म्हणजे माग परत जाणार नव्हता आणि पुन्हा रेकॉर्डही होणार नव्हता. त्या घरातल्या मागाचा जगात उरलेला आवाज दीड सेकंदाचा होता आणि तो माझ्याकडे होता.

त्या रात्री मी टॅब्लेटचं ट्रॅश पाहिलं. क्लाउड पाहिला. क्लाउड भरला म्हणून मीच कधीतरी बंद केला होता. मग मी तंत्राचा मार्ग धरला. क्वांटाइझच्या शेजारीच एक दुसरं बटण असतं, ह्यूमनाइझ. आधी सगळे आवाज रेघेवर उभे करायचे आणि मग हे बटण दाबून त्यांना थोडं थोडं इकडेतिकडे ढकलायचं, म्हणजे माणसाने वाजवल्यासारखं वाटतं. किती टक्के माणूस पाहिजे ते फिरवून ठरवता येतं. मी तीस टक्के ठेवलं. ऐकायला बरं वाटलं. गुरुवारी सकाळी घेऊन गेले.

तुळशीरामजींनी डोळे मिटून ऐकलं.

"कसं वाटलं?"

"हा पिऊन विणून राहिला."

यशोदाबाई आतून हसल्या. मला हसू आलं नाही. मी तिथेच चटईवर बसले आणि सांगून टाकलं. रेकॉर्डिंग माझ्या हातून पुसलं गेलं, चाळीसच्या चाळीस मिनिटं. कुठेच नाही. माग दुकानात आहे पण त्याच्या पावड्या कापल्यात. हे सांगताना मला इतकी लाज वाटली की मी बोलत होते टॅब्लेटच्या कव्हरशी.

ज्या जागी माग होता तिथे आता खड्ड्यावर प्लायवूड टाकून त्यावर सतरंजी घातली होती. तुळशीरामजी तिकडे पाहत राहिले. यशोदाबाई आतून बाहेर आल्या आणि पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

"पावड्या कायले कापल्या?" त्यांनी विचारलं.

"बसत नव्हत्या म्हणे."

"बसत नव्हत्या," त्यांनी नुसतं परत म्हटलं.

मग तुळशीरामजींनी विचारलं, "किती उरला म्हनता?"

"दीड सेकंद."

"त्याच्यात काय काय हाय?"

"पावडीचा एक, धोट्याचा एक, फणीचा एक."

"मंग सारंच हाय की वं बाई."

मला वाटलं ते माझी समजूत घालतायत. पण त्यांनी टॅब्लेट ओढून घेतला. "कुठं दाबू?"

मी पॅड दाखवले. त्यांनी एका बोटाने पावडी दाबली, मग धोटा, मग फणी. दोन मिनिटं तसं केलं आणि हात मागे घेतला.

"उशिरा आयकू येऊन राहिलं."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. वायरलेस इअरबडमध्ये आवाज कानात पोचायला किंचित उशीर होतो. माझ्या ओळखीतल्या निम्म्या म्युझिशियन लोकांना हे कळत नाही. मी वायरवाले हेडफोन लावून दिले.

"आता?"

"आता बरं हाय. पन पावडी एकच काहून? पाय दोन हायेत माहे."

मी पावडीचाच आवाज कॉपी करून थोडा खाली उतरवला आणि शेजारच्या पॅडवर ठेवला. त्यांनी मान हलवली. "डावी कुईकुई करे. तेल घातलं तरी करे."

त्या कुईकुईला मी पहिल्याच दिवशी टाळलं होतं. सगळ्यात स्वच्छ पावडी निवडली होती, अर्थात उजवी. आता ती कुईकुई कुठून आणायची? तुळशीरामजी उठले आणि घरभर फिरून एकेक गोष्ट हलवून पाहू लागले. खिडकी, लोखंडी खाट, पाण्याच्या टाकीचं झाकण. प्रत्येक वेळी थांबून नाही म्हणून मान हलवायचे. शेवटी भांड्यांच्या कपाटाचं दार हळू उघडलं.

"हे पाहा."

"हेच?"

"थोडं लवकर उघडा लागन."

मी कूलर बंद करून कपाटाचं दार आठ वेळा रेकॉर्ड केलं. तुळशीरामजींनी सहावं पसंत केलं. ते पावडीच्या आवाजाखाली बारीक जोडलं, तर ते हसलेच. "आली," म्हणाले ते, जसं काही पावडीच उंबरठ्यावरून आत आली.

तरी वाजवताना जमत नव्हतं. ते चटईवर मांडी घालून बसले होते, बोटं धडपडत होती. पंधरा मिनिटं प्रयत्न झाला. मग यशोदाबाई म्हणाल्या, "असे कसे जमन? पाय कुठं हायेत तुमचे?"

आम्ही तिघांनी मिळून सतरंजी काढली आणि प्लायवूड सरकवला. तुळशीरामजी गुडघ्याला हात लावत काठावर बसले आणि पाय खाली सोडले. मी समोर पाट आडवा टाकून त्यावर टॅब्लेट ठेवला. त्यांनी डोळे मिटले. पहिल्यांदा पाय हलला. खाली हवेत, काही नव्हतं तिथे. मग डाव्या हाताचं बोट पावडीच्या पॅडवर पडलं, मग उजव्या हाताने खट्, धप्. मग दुसरा पाय.

मी रेकॉर्डचं बटण दाबलं. ताल सारखा नव्हताच. फणी ठोकल्यावर ते अर्धा क्षण थांबत, कापड हाताने चाचपून पाहिल्यासारखं. कधी दोन फेऱ्या झपझप जात, मग एक सावकाश. ग्रिडवर यातलं एकही रेघेवर नव्हतं, आणि मला ते बटण दाबायची इच्छा झाली नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

सहासात मिनिटांनी ते थांबले. त्यांचा डावा हात आपोआप बाजूला गेला, तळवा वर.

मी विचारणार होते, काय झालं. तेवढ्यात यशोदाबाई म्हणाल्या, "थांबा न. भरून राहिली."

त्या खाली बसल्या. चरखा तर तिथे नव्हता, तो मागाबरोबरच काचेत गेला होता. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि वाट पाहिली. कांडी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढी. मग आपला रिकामा हात त्यांच्या तळव्यावर टेकवला आणि म्हणाल्या, "घ्या."

तुळशीरामजींनी मूठ मिटली, आणि पाय पुन्हा हलला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि लगेच लक्षात आलं की मी गाढव आहे. पॅडचं रेकॉर्डिंग म्हणजे कुठलं पॅड कधी दाबलं एवढीच नोंद. माइक बंद होता. "घ्या" पुन्हा गेलं होतं. एकाच बाईला मी दुसऱ्यांदा पुसलं होतं.

"यशोदाबाई, एकदा पुन्हा म्हणता का?" मी नंतर विचारलं.

त्यांनी घसा साफ केला आणि एसटी स्टँडवरच्या अनाउन्समेंटसारखं म्हणाल्या, "घ्याऽऽ."

"तसं नाही. नेहमीसारखं."

"नेहमीसारखंच त म्हनलं."

पाच वेळा झालं, पाचही वेळा गाडी फलाटावर लागली. मग मी नाद सोडला, कूलर बंद केला, टॅब्लेटचा माइक चालू केला आणि तुळशीरामजींना म्हटलं, "काका, अजून एक कांडी विणता?"

त्यांनी विणली. तळवा बाजूला गेला. "घ्या." मिळालं. शहाणपण उशिरा आलं, पण आलं. त्याच बैठकीत मी ते टॅब्लेटवर, फोनवर आणि पेन ड्राइव्हवर, असं तीन ठिकाणी ठेवलं. यशोदाबाईंनी पेन ड्राइव्ह मागून घेतला आणि भांड्यांच्या कपाटात ठेवला. तो अजून तिथेच आहे.

शनिवारी रेणू मॅडमचा फोन आला.

"मी तीन मिनिटं सांगितली होती. हे चौदा मिनिटांचं आहे."

"दोन कांड्यांचं आहे."

"आणि बेस कुठे गेला?"

"काढला."

"अच्छा सुनिये, मधे साउंड बंद पडतो. फाइल करप्ट आहे का?"

"नाही. कांडी संपली."

"ते गॅप एडिट करून टाका ना. कस्टमरला वाटेल बिघडलंय."

"ते काढलं तर तुळशीरामजी माग परत मागतील," मी म्हटलं. "कापलेल्या पावड्यांसकट."

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, "ऑथेंटिक आहे म्हणून सांगू."

रविवारी दुकान माणसांनी भरलं होतं. माग काचेत चकाकत होता. त्याला इतकं पॉलिश होतं की तुळशीरामजींनी आधी ओळखलाच नाही. ते यशोदाबाईंबरोबर काचेजवळ उभे राहिले. कापलेल्या जागेकडे त्यांनी एकदा वाकून पाहिलं आणि सरळ झाले. मी त्यांच्या मागे उभी होते. आता ते काय म्हणतात यावर सगळं होतं.

आवाज सुरू झाला. कुईकुई, खट्, धप्. पाहुणे सरबत पीत बोलत होते. सात मिनिटांनी ताल थांबला. दुकानात एकदम शांतता वाटली. लोकांनी वर स्पीकरकडे पाहिलं. दुकानातला इलेक्ट्रिशियन धावत आला आणि मागाच्या मागची वायर हलवू लागला.

"राहू दे गा," तुळशीरामजी म्हणाले. "कांडी भरून राहिली ते."

इलेक्ट्रिशियन वायर धरून थांबला. सगळेच थांबले. मग स्पीकरमधून यशोदाबाई म्हणाल्या, "घ्या," आणि माग पुन्हा चालू लागला.

तुळशीरामजी कांडी संपेपर्यंत ऐकत राहिले, दुसरीसुद्धा. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "असू द्या इथंच." आणि यशोदाबाईंना म्हणाले, "चाल वं, बस निघून जाईन."

त्या दुकानातून मला अजूनही फोन येतात. नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी फोन करते, मॅडम, साउंड बंद पडला. मी सांगते, दोन मिनिटं थांब. तेवढ्यात फोनवरच मला "घ्या" ऐकू येतं आणि ती मुलगी "सॉरी, झालं चालू" म्हणून ठेवून देते.

या धंद्यातून शिकण्यासारखं फार काही नाही. एवढंच सांगते. टॅब्लेट मला अजूनही दर आठवड्याला विचारतो की न वापरलेला ऑडिओ हटवायचा का. मी नाही म्हणते. त्यामुळे त्याच्यात कायम जागा नसते आणि तो फार हळू चालतो. सासूबाई म्हणतात, गेम अडकला वाटतं. मी म्हणते, हो.